फाटकावरचा गोळा

वरठी,
७ जुलै २०२४

दामिनी,

वर 'चिरंजीव' लिहिलेलं नाही आणि खाली आशीर्वादही असणार नाही. विसरलो असं समजू नको. मी विसरत नाही.

तू माझा नंबर ब्लॉक करून ठेवला म्हणून पत्र लिहितो आहे. पत्र ब्लॉक करायचं बटन अजून निघालेलं नाही. तू फाडशील, पण फाडण्याआधी माणूस एकदा तरी वाचतोच.

अकरावीला तू गणित सोडून त्याच्या जागी शारीरिक शिक्षण हा विषय घेतला. हे मला तुझ्या आईकडून कळलं, तिला तिच्या भावाकडून. म्हणजे बाप तिसऱ्या नंबरवर. दहावीला शाळेत गणितात तुझ्यापुढे कोणी नव्हतं, आणि आता धावणं-फेकणं शिकायला तू शंभर गुणांचा विषय घेते. शंकरपटात बैल धावतात ते काय पुस्तक वाचून धावतात?

मी आठवीत शाळा सोडली. मोटर वाइंडिंग मला कोणी शिकवलं नाही. जळालेली मोटर उकलायची, वेटोळे मोजायचे, तारेची जाडी पाहायची आणि तसंच्या तसं पुन्हा भरायचं, असं करत करत शिकलो. ह्या कामात एक गोष्ट फार घाण आहे. वेटोळे कमी भरले तरी मोटर फिरते. गिऱ्हाईक खूश होऊन घरी जातं. मग ऐन रोवणीत, धानाच्या बांधीत पाणी पाहिजे तेव्हा, धूर निघतो. वरठीत असे कमी वेटोळे भरणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या दुकानाला काचेचे दरवाजे आहेत.

मी म्हणालो होतो, ह्या विषयाचं पुस्तक माझ्या घरात येणार नाही. पुस्तक आलं नाही. तूही आली नाही, एकोडीला मामाकडे गेली आणि साकोलीच्या शाळेत नाव घातलं. ठीक आहे. मनिरामच्या घरी भाताला कमी नाही.

खेमराज

वरठी,
२५ ऑगस्ट २०२४

दामिनी,

पुस्तक मी मागवलं. घरात आणलं नाही, दुकानात ठेवलं आहे, म्हणजे शब्द मोडला नाही. ज्याच्यावर थुंकायचं ते आधी वाचलं पाहिजे, असा माझा नियम आहे. इंग्रजी पुस्तक, शेजारी डिक्शनरी, मध्ये मोटर. लोक येऊन विचारतात, काका, परीक्षा देऊन राहिले का? मी डिक्शनरीचं पान उलटतो.

अर्धं पुस्तक भाषणाचं आहे. खेळाने चारित्र्य घडतं, खेळाने बंधुभाव वाढतो. एकाच संघातून खेळलेले दोन भाऊ शेताच्या धुऱ्यासाठी एकमेकांची डोकी फोडताना मी पाहिले आहेत. खो-खोच्या मैदानाची मापं पानभर दिली आहेत आणि तुमची शाळा ती पाठ करून घेते. मैदान आखलं का, हे मनिरामला विचारलं. तो म्हणाला, तिथे सायकली ठेवतात.

पण हाडं आणि सांधे यांचा जो धडा आहे, तो बरा आहे. हात म्हणजे तरफ, कोपर म्हणजे टेकू. फेकलेली वस्तू कोणत्या कोनात सुटली म्हणजे जास्त लांब जाते, याची आकृती आहे. हे तर सरळ गणित आहे. गणित सोडून तू गणितच घेतलं, हे तू मला सांगितलं नाही. बहुतेक तुलाही माहीत नसेल.

सोबत आईने वडे पाठवले आहेत. माझा त्यांच्याशी संबंध नाही.

खेमराज

वरठी,
२९ सप्टेंबर २०२४

दामिनी,

परवा शाळेच्या मैदानावर जे झालं त्याबद्दल मनिरामने मला फोनवर बरंच ऐकवलं. तो साळा असून जावयासारखा बोलतो. म्हणून झालं ते क्रमाने लिहून ठेवतो, म्हणजे उद्या कोणी वेगळं सांगू नये.

पालकांना बोलावलं होतं. मी तुझ्या आईच्या आग्रहाने आलो. आधी फोटोंचा कार्यक्रम पाहिला. एकच भाला. प्रत्येक पोरीने तो धरायचा, हात मागे न्यायचा, तोंड कॅमेऱ्याकडे करायचं, फोटो काढला की भाला पुढचीला द्यायचा. तो भाला दिवसभरात एकदाही कोणाच्या हातातून सुटला नाही. ह्याला तुमच्याकडे प्रात्यक्षिक म्हणतात.

मग तू गोळा फेकला. लांब गेला. तुझे ते कैलाश सर माइकवर ओरडले की अशी पोरगी जिल्ह्यात नाही, बारावी झाली की नागपूरला शारीरिक शिक्षणाच्या पदवीला हिची निवड पक्की समजा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुझी आई रडली. मी टाळी वाजवली की नाही ते महत्त्वाचं नाही.

गोळा घरंगळत आमच्या खुर्च्यांकडे आला. वाकून उचलला, तर हात अपेक्षेपेक्षा वर आला. आकाराने मोठा, बेलफळासारखा, आणि वजनाला काहीच नाही. मधोमध वेल्डिंगची शिवण फिरलेली. खाली एक भोक, त्यात पुट्टी भरून वरून काळा रंग मारलेला. कानाशी हलवला तर आत रेती सरकली. असे गोळे मी ओळखतो. ग्रिलवाले ते लोखंडी फाटकाच्या खांबावर शोभेसाठी बसवतात.

ते मी सांगितलं. मोठ्याने बोललो नाही. चालू मोटरीशेजारी बोलून बोलून माझा आवाजच तसा झाला आहे. "हा फेकायचा गोळा नाई, सर. हा फाटकावरचा आहे." लोक हसले. मी हसण्यासाठी बोललो नव्हतो.

कैलाश सरांनी मला बाजूला नेलं. म्हणाले, शाळा सामान घेऊन देत नाही, मागून मागून थकलो, शेवटी ग्रिलवाल्याकडून हा बनवून घेतला. "काका, पोरी फेकून राहिल्या हेच लय झालं. खरा दिला तर अर्ध्या उद्यापासून मैदानात येणार नाहीत." माणूस वाईट नाही, तेच जास्त वाईट आहे. वाईट माणसाला शिवी देता येते.

तुझा पेपर मनिरामने मोबाइलवर पाठवला होता. प्रश्न होता, मोठ्या मुलींच्या गोळ्याचं वजन किती? तू लिहिलं, चार किलो. बरोबर. लाल खूण. त्याच आठवड्यात तू फाटकावरचा गोळा फेकून टाळ्या घेतल्या. उत्तर बरोबर आणि हातातली वस्तू खोटी, हे तुमच्यातल्या एकीच्याही डोक्यात आलं नाही? नागपूरच्या निवडचाचणीत ते रेती भरलेला गोळा देतील का?

आणि तू सगळ्यांदेखत मला म्हणाली, "तुमाले माहं चांगलं झालेलं पाहवतच नाई, बाबा."

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहिलं आहे. बदललेलं नाही.

खेमराज

वरठी,
२० ऑक्टोबर २०२४

दामिनी,

डब्यात गोळा आहे. भंगारात एक जाड शाफ्ट पडला होता, तो लेथवर धरून वळवला. शेवटी हाताने घासला, काट्यावर ठेवला, पुन्हा घासला. चार किलो. आतून भरीव. शिवण नाही.

तळहातावर ठेवायचा नाही, बोटांच्या मुळाशी ठेवायचा. पुस्तकात आहे, तू वाचलं असेलच.

खेमराज

वरठी,
१२ नोव्हेंबर २०२४

दामिनी,

तू गोळा मामाच्या बोडीच्या पाण्यात फेकला असं मनिराम सांगतो. म्हणे तू एकदा उचलून पाहिला, एकदा फेकला, तो पायापाशीच पडला. मग तू म्हणाली की बाबांनी मुद्दाम जास्त वजनाचा केला, मला हरवण्यासाठी केला. आणि काठाच्या पाळीवरून बोडीत.

मुद्दाम जास्त वजनाचा.

आजपर्यंत मी कोणाच्या मोटरीत तार कमी घातली नाही की जास्त घातली नाही. गिऱ्हाइकाने शिव्या दिल्या आहेत, उशीर करतो म्हणून. खोटं बोलतो असं कोणी म्हटलेलं नाही. पहिलं माणूस तू निघाली.

मनिरामच्या घरी धान मोजायचा काटा आहे. दहा पावलांवर. तिथपर्यंत तुझ्याने जाववलं नाही. पाळीपर्यंत मात्र जाववलं.

तुझ्या आईला हे पत्र वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पोरीले लिहिता का वकिलाले?" मी काही बदललं नाही.

खेमराज

वरठी,
१५ डिसेंबर २०२४

दामिनी,

काल भंडाऱ्याला बेअरिंग आणायला गेलो होतो. दुकान क्रीडा संकुलाच्या रस्त्यावर आहे, म्हणून गर्दी दिसली. म्हणून थांबलो.

तिथे जिल्ह्याच्या स्पर्धेला शाळाशाळांच्या पोरी होत्या आणि संयोजकांनी आणलेला खरा गोळा होता. तू निळ्या रिबिनीची वेणी घातली होती. पहिली फेक मनगटातून वाकली. दुसऱ्या वेळी तू गोळ्याकडे पाहिलं, जसं मी त्या दिवशी फाटकावरच्या गोळ्याकडे पाहिलं होतं तसं, फक्त उलट. तिसरी फेक पात्रतेच्या रेषेच्या अलीकडेच पडली आणि ध्वनिक्षेपकावर तुझं नाव चुकीचं वाचलं. पुढच्या फेरीसाठी जी नावं वाचली त्यांत तू नव्हती. तुमसरकडची एक किरकोळ पोरगी होती, तिच्या दंडात काही नव्हतं, पण तिचा गोळा बोटांवरून सुटत होता. तिच्या मास्तरने तिला खरा दिला असणार.

तुझे सर तुझ्या पाठीवर थोपटून म्हणाले, आज तुझा दिवस नव्हता. हे मला रस्त्यावरून ऐकू आलं नाही, पण त्यांचं तोंड मी वाचलं. दिवसाला कशाला दोष? दिवस भरीव होता.

तू नळाखाली डोकं धरून बराच वेळ उभी होती. मी तिकडे आलो नाही. दुकान बंद व्हायची वेळ झाली होती.

बेअरिंग मिळालं नाही.

खेमराज

वरठी,
१९ जानेवारी २०२५

दामिनी,

मनिरामने फोन केला. तू शाळेत अर्ज देऊन म्हणे हा विषय सोडणार. पुढच्या वर्षी परवानगी मिळाली तर गणित, नाहीतर शाळाच बदलून वरठीला परत. "भाऊजी, तुमचीच जीत झाली. पोरगी ऐकाले तयार झाली." आणि वर विचारतो, आता तरी खूश का?

तुझी आई तुझी खोली झाडायला लागली. नवा गणिताचा संच दुकानात जुलैपासून बांधून ठेवलेला आहे, तोही तिने शोधून काढला. सगळं माझ्या मनासारखं. आणि मला ते इतकं ओंगळ वाटलं की मी दुकान उघडून जळालेल्या मोटरी उकलत बसलो. जळक्या वार्निशचा वास त्या बातमीपेक्षा बरा होता.

ऐक. एक गोष्ट सरळ लिहितो, कारण वळवून लिहिता येत नाही. मी तुझं पुस्तक दोनदा वाचलं आहे. दुसऱ्यांदा चुका काढायला नाही. त्यातलं भाषण सोडलं तर बाकीचं खरं आहे. ज्याला शरीराचं यंत्र उकलता येतं, कुठे जोर लागतो आणि कुठे वाया जातो हे मोजता येतं, तो कारागीर आहे. असा मास्तर मला तरी साकोलीपासून वरठीपर्यंत दिसला नाही. तो व्हायला कोणीतरी नागपूरला जायला पाहिजे.

खोट विषयात नाही. खोट गोळ्यात होती.

मोटर जळाली म्हणून विजेला शिव्या देणारे लोक माझ्याकडे रोज येतात. त्यांच्याकडे पाहून मला जे वाटतं, ते तुझ्याकडे पाहून वाटावं असं मला वाटत नाही.

गणिताला माझा विरोध नाही. हरून गणिताकडे येणाऱ्याला आहे. खोली आईने झाडली आहे. खोलीला कुलूप मी लावलं. उन्हाळ्याच्या सुटीत ये, तेव्हा उघडेन. त्याआधी नाही.

खेमराज

वरठी,
९ मार्च २०२५

दामिनी,

तू काही लिहिलं नाही, पण मनिरामने सगळं सांगितलं आणि आज तो थांबतच नव्हता. अर्ज तू दिला नाही, हे त्याने सगळ्यात शेवटी सांगितलं. अशा माणसाच्या हातात फोन देऊ नये.

बोडीचं पाणी उतरलं म्हणून चिंधू ढीवर मासे काढायला आला होता. जाळं जड लागलं, त्याला वाटलं मोठा रोहू अडकला, त्याने पोराबाळांना हाका मारून ओढायला लावलं. वर निघाला माझा गोळा, गंजलेला, आणि जाळ्याला भलं मोठं भोक. मनिराम म्हणतो, चिंधूने पाळीवर उभं राहून आमच्या सात पिढ्या काढल्या.

तू घरातून पळत गेली. पायात चप्पल नव्हती. गोळा उचलून चिखल पुसला, आणि चिंधूला म्हणाली, "काका, हा तुमच्या काट्यावर ठेवा." तो मासे तोलायचा काटा. मामाचा नाही, बापाचा नाही, तिसऱ्याचा. त्याने ठेवला. त्याचं जाळं फाटलं होतं म्हणून तो तुझ्या बाजूने खोटं बोलण्याच्या मनःस्थितीत नव्हता.

"चार किलो," चिंधू म्हणाला. "ना खाली ना वर. बाई, असा मासा मीनं जनमात नाई तोलला. काटेच नाईत यात."

मनिराम सांगतो, सगळे हसले आणि तू हसली नाही. काट्याकडे पाहत राहिली. मग गोळा पदरात, म्हणजे ओढणीत, घेऊन घरात गेली आणि मामीला खोबरेल तेल मागितलं.

गंज काढायला खोबरेल तेल चालत नाही. रॉकेल किंवा डिझेल, आणि बारीक पॉलिश पेपर. मग सुक्या फडक्याने पुसायचा. सोबत पेपर पाठवतो आहे. चिंधूच्या जाळ्यासाठी सुताचा गुंडाही आहे. तो त्याला माझ्या नावाने दे, तुझ्या नाही.

आईने वडे दिले आहेत. मीठ मी पाहिलं, बरोबर आहे.

खेमराज

वरठी,
२० एप्रिल २०२५

चि. दामिनी,

अनेक आशीर्वाद. विसरून लिहिले असं समजू नको.

काल मनिरामचा पंप बंद पडला म्हणून एकोडीला आलो होतो. तू शाळेत होती. पंपाला काही झालेलं नव्हतं, फक्त एक वायर सैल होती. ती मनिरामने स्वतःच सैल केली असावी, स्क्रूवर त्याच्या पेचकसाचे ओरखडे होते. त्याच्याकडून मला एवढ्या अक्कलेची अपेक्षा नव्हती.

आत येताना फाटकाच्या खांबावर तो काळा गोळा पाहिला. सिमेंटमध्ये नीट बसवलेला. मनिराम म्हणाला, तू माझा गोळा रोज दप्तरात घालून शाळेत नेते, एसटीचा कंडक्टर विचारतो की बाई, तिजोरी घेऊन चालली का. पहिले काही दिवस तुझ्या वर्गातल्या पोरी रागावल्या. दोघींनी मैदानात येणं सोडलं. म्हणजे सरांनी मला सांगितलं होतं ते अगदीच खोटं नव्हतं, हे लिहून ठेवतो. बाकीच्या आता तुझाच गोळा फेकतात. वाईट फेकतात, पण खरा फेकतात. मग तू सरांकडून तो फाटकावरचा मागून आणला आणि मामाला दिला. सरांनी कुरकुर केली नाही, उलट स्वतः गाडीवर आणून सोडला. मी त्यांना जे म्हणालो होतो त्यातला शब्दही मागे घेत नाही. फक्त गाडीवर आणून सोडला, हेही लिहून ठेवतो.

गोळा आता त्याच्या जागी आहे. खांबावर शोभतो.

जेवण झाल्यावर मी बोडीकडे गेलो. पाणी मधोमध थोडं उरलं आहे. काठाचा गाळ वाळत आला आहे, भेगा पडायच्या आधीचा, बोट दाबलं तर ठसा राहील असा. त्यात खड्डे होते. आधी वाटलं म्हशींचे आहेत. म्हशीचा खूर असा गोल पडत नाही. पाळीजवळचे जुने, वाळलेले. त्यांच्यापुढे नवे. मग त्याच्याही पुढे, ओले, काल-परवाचे. रेतीच्या गोळ्याने गाळाला एवढी खोक पडत नाही. मी एका खड्ड्यात मूठ घालून पाहिली.

टेप खिशात होता. तो नेहमीच असतो. मोजलं. आकडा लिहीत नाही. तुला माहीत आहे, आता मलाही माहीत आहे, आणि मनिरामला सांगितला तर तो साकोलीभर वाटेल. एवढंच लिहितो की नागपूरच्या चाचणीला अजून वर्ष आहे, आणि पाळीपासून त्या ओल्या खड्ड्यापर्यंत यायला तुला दीड महिना लागला.

पण तू काठीने जी रेष ओढली आहे तिच्याजवळ तुझ्या पायांचे ठसे पाहिले. गोळा सुटल्यावर उजवा पाय रेषेच्या बाहेर पडतो. अंगठा आणि शेजारची दोन बोटं. दर वेळी. एकही ठसा आत नाही. तिकडे पंच लाल झेंडी दाखवतो, मग गोळा कितीही लांब गेला तरी तो गेलाच नाही असं धरतात. इतकी चांगली फेक आणि शेवटी अंगठ्याने घाण. पाहून मला खरंच किळस आली.

सागाचा एक तुकडा होता. पुस्तकातल्या मापाने बाकदार कापून, घासून, पांढरा रंग देऊन त्याची पाय अडवायची फळी केली आहे. रविवारी घेऊन येतो. रेषेवर पुरावी लागेल, खुंट्या माझ्याकडे आहेत. तू घरी राहा. पाय आत कसा थांबवायचा ते मला येत नाही, ते तू मला दाखवशील. मी फक्त अंगठ्याकडे पाहत बसेन.

तुझा बाप,
खेमराज